वागळे इस्टेटमधील आठ शनिवार : ख्रिस्ती मुलाखतकार घडवणाऱ्या एका अभ्यासक्रमाविषयी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या औद्योगिक इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील गाळ्यात, ख्रिस्ती कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करणारा एक छोटा स्टुडिओ आहे. वर्षातून दोनदा तेथे आठ शनिवारांचा वर्ग भरतो. विश्वास आणि व्यवसाय एकत्र आणून ख्रिस्ती माध्यमांत मुलाखतकार किंवा निवेदक म्हणून कारकीर्द कशी उभारावी, हे शिकवण्याचे आश्वासन त्याच्या पत्रकात दिलेले असते. शुल्क १६,५०० रुपये. मागच्या पावसाळ्यातील वर्गाला मी बसले होते आणि त्याविषयी सविस्तर लिहावे, असे तेव्हापासून मनात होते. स्टुडिओचे नाव मुद्दाम देत नाही. लेखात काही तक्रारी आहेत, चालवणारी माणसे तीनच आहेत, आणि ज्याला खरोखर जायचे आहे त्याला आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन ठिकाणी विचारले तरी पत्ता मिळेल.

माझी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय या मताला अर्थ नाही. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन करते, आणि मंडळीच्या स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन गेली बारा वर्षे माझ्याकडेच आहे. त्यामुळे आपल्याला बोलता येते अशी माझी ठाम समजूत होती. वडील अहमदनगरचे. तेथील अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, याचा अभिमान आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. वडिलांचा लघुलहरींचा रेडिओ होता. फेबा ही ख्रिस्ती प्रसारण संस्था १९७० पासून २००३ पर्यंत सेशेल्स बेटांवरून कार्यक्रम पाठवीत असे, आणि संध्याकाळी खरखरीतून वर येणारा तो हिंदी आवाज हीच माझी ख्रिस्ती माध्यमांशी पहिली ओळख. त्या निवेदकाचे नाव आम्हाला कधी कळले नाही. पण घरातल्या मोठ्यांइतका त्याचा शब्द मानला जाई.

वर्गात आम्ही अकराजण होतो. दोन तरुण पाळक (चर्चचे धर्मगुरू), ऐरोलीची एक संगणक अभियंता, ठाण्यातीलच एक ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) गृहिणी, वसईहून येणारा एक कॅथलिक तरुण, बाकीचे तरुण संघात गाणारे-वाजवणारे. शिकवणारे तिघे : आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ निवेदक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, मुलाखती आणि संकलन शिकवणाऱ्या एक मॅडम, ज्या स्वतः पाळकांच्या घरात वाढलेल्या, आणि ध्वनिमुद्रणाचे काम पाहणारा एक अबोल मुलगा. सर ख्रिस्ती नाहीत, वारकरी घरातले आहेत. पहिल्या दिवशी काहींच्या चेहऱ्यावर त्याबद्दल प्रश्नचिन्ह होते. शेवटच्या दिवशी सर्वांत जास्त फोटो त्यांच्याबरोबर काढले गेले.

जागेबद्दल थोडक्यात. स्टेशनपासून शेअर रिक्षा किंवा टीएमटीची बस मिळते, इमारतीला मालवाहू लिफ्ट आहे पण शनिवारी दुपारनंतर ती बंद असते, आणि गुडघेदुखी असलेल्यांनी तीन जिन्यांचा विचार आधीच करावा. चहा चांगला.

पहिले दोन शनिवार केवळ आवाज आणि मायक्रोफोन यांवर गेले, आणि ते सार्थकी लागले. सभागृहात बोलणारा माणूस शेवटच्या रांगेकडे पाहून बोलतो. मायक्रोफोन मात्र तोंडापासून चार बोटांवर असतो आणि ऐकणारा बहुतेक वेळा एकटा असतो, कानात इयरफोन घालून लोकलमध्ये उभा. उपासनेत वर्षानुवर्षे वाचन केलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. माझे पहिले ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर सर म्हणाले, “बाई, तुम्ही वर्ग शांत करताय. तो आधीच शांत आहे.”

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ हे ओठ मिटून सोडले जाणारे वर्ण; त्यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो आणि तो मायक्रोफोनच्या पडद्यावर आपटला की ‘धप्’ असा आवाज येतो. आता आपल्या ख्रिस्ती मराठीचा शब्दसंग्रह पाहा : प्रभू, परमेश्वर, प्रार्थना, प्रेषित, पाप, पश्चात्ताप, पुनरुत्थान. ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ एवढे म्हणेपर्यंत मीटरची सुई तीनदा उडी मारते. ‘प्रभू’ या शब्दात तर सुरुवातीला ‘प’ आणि शेवटी महाप्राण ‘भ’. सरांच्या शब्दांत सांगायचे तर दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या निवेदकापेक्षा ख्रिस्ती निवेदकाला ओठांची शिस्त अधिक लागते. त्यावरचा उपाय साधा आहे. मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला आणि तिरका ठेवायचा, समोर जाळी लावायची, आणि ‘प’ उच्चारताना श्वास ढकलायचा नाही. आम्ही प्रभूची प्रार्थना, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सात-आठ वेळा मुद्रित केली. तोंडपाठ असलेली गोष्ट पहिल्यांदा वाचल्यासारखी म्हणणे किती कठीण असते, हे त्या दुपारी समजले.

मात्र सामग्रीच्या बाबतीत स्टुडिओने हात आखडता घेतला आहे. टेबलावर शुअरचा एसएम७बी हा नावाजलेला मायक्रोफोन दिसतो, पत्रकावरही त्याचाच फोटो आहे. पण तो डायनॅमिक जातीचा, कमी संवेदनशील मायक्रोफोन आहे. त्याला सुमारे ६० डेसिबल इतकी स्वच्छ वाढ देणारे यंत्र, म्हणजे प्रीअँप, मागे लागते. येथील मिक्सर तेवढे देऊ शकत नाही, आणि आवाज वर नेला की त्याच्याबरोबर सूं-सूं अशी पार्श्वध्वनीही वर येते. मुलाने ती संकलनात काढली, पण काढताना आवाजातील ओलावाही गेला. त्याच पैशांत मध्यम किमतीचा मायक्रोफोन आणि चांगला प्रीअँप घेतला असता तर निकाल अधिक चांगला आला असता. फक्त फोटो तितका चांगला आला नसता. दुसरी अडचण छपराची. भिंतींना आवाज शोषणारे रॉकवूल आणि जाड पडदे आहेत, पण वर पत्रा आहे. ज्या शनिवारी पाऊस कोसळला, त्या शनिवारी तीन तासांतील सव्वा तास आम्ही नुसते थांबून काढला. त्याची भरपाई म्हणून वेगळा दिवस मिळाला नाही. पावसाळ्यात वर्ग ठेवायचा असेल तर हे आधी सांगायला हवे होते.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसले, तो भाग. चौथ्या शनिवारी मॅडमनी इमारतीच्या रखवालदारांना आत बोलावले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पन्नाशीचे, वारीला जाणारे गृहस्थ. त्यांना काचेपलीकडे खुर्चीवर बसवले, कानात हेडफोन दिले आणि हातात टेबलावरची घंटी. मुलाखतीत जो शब्द कळणार नाही, तिथे घंटी वाजवायची आणि काय समजले ते सांगायचे, एवढेच काम. माझी पाहुणी म्हणजे आमच्याच मंडळीतल्या निवृत्त परिचारिका, ज्यांची साक्ष, म्हणजे श्रद्धेने आयुष्य कसे बदलले याचे कथन, मी पूर्वी तीनदा ऐकलेली होती आणि प्रत्येक वेळी रडलेही होते.

पहिल्याच वाक्यात बाई म्हणाल्या, “माझं तारण झालं ते एकोणीसशे शहाऐंशी साली.” घंटी वाजली. रखवालदारांनी अतिशय नम्रपणे विचारले, “कर्ज कशावर घेतलं होतं?” आमच्या भाषेत तारण म्हणजे पापातून सुटका; एरवी मराठी माणसासाठी तारण म्हणजे पतपेढीत ठेवलेले दागिने किंवा सातबारा. आम्ही हसलो, पण घंटी थांबेना. “मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना केली” यावर त्यांना वाटले की बाईंच्या भावाच्या बायकोबद्दल काही चालले आहे, कारण त्यांच्या गावी ‘मंडळी’ म्हणजे पत्नी. ‘साक्ष’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तहसील कचेरी आली. “माझ्या हृदयावर भार होता” हे ऐकून त्यांनी कोणत्या डॉक्टरांना दाखवले असे विचारले. गंमत म्हणजे ‘पाळक’ हा शब्द त्यांनी बरोबर ओळखला. “मेंढरं पाळणारा असतो तसा ना?” आमच्यापैकी कित्येकांनी हा अर्थ विसरून तो शब्द केवळ हुद्दा म्हणून वापरायला सुरुवात केली आहे.

मराठीची शिक्षिका म्हणून मला त्या दिवशी ओशाळल्यासारखे झाले. हे शब्द चुकीचे नाहीत. त्यांच्यामागे बायबलच्या भाषांतरांची दोनशे वर्षांची परंपरा आहे आणि उपासनेत ते शोभतात. पण ते आपल्या चार भिंतींत इतके घासून गुळगुळीत झाले आहेत की बोलणाऱ्यालाही त्यामागचा प्रसंग आठवावा लागत नाही. मुलाखतकाराचे काम तिथे सुरू होते. दुसऱ्या खेपेला मी बाईंना विचारले, “तारण झालं असं तुम्ही म्हणता, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले की रात्रपाळी संपवून त्या घरी आल्या, नवऱ्याने पगार दारूत उडवला होता, रोज याच वेळी घरात भांडण होई. त्या दिवशी त्यांनी स्टोव्ह पेटवून दोघांसाठी चहा ठेवला आणि कपात साखर घालताना त्यांच्या लक्षात आले की आपल्याला राग आलेला नाही. आठ वर्षांत प्रथमच आलेला नाही. त्या राग शोधत राहिल्या आणि तो सापडेना. काचेपलीकडे घंटीवरचा हात बाजूला झाला होता.

तीनदा ऐकलेल्या साक्षीत हा चहा कधीच आला नव्हता, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

मॅडमनी त्यानंतर जे नियम दिले, ते या प्रसंगातूनच निघालेले होते. पाहुण्याने एखादा मोठा शब्द वापरला की तो आपण पुन्हा उच्चारायचा नाही, त्यामागचा दिवस विचारायचा. उत्तर संपल्यावर मनात चार अंक मोजायचे आणि मगच पुढचा प्रश्न, कारण माणसे खरी गोष्ट बहुधा पहिले उत्तर संपल्यानंतर सांगतात. ‘आमेन’, ‘स्तुती असो’ हे हुंकार म्हणून वापरायचे नाहीत. श्रद्धेने म्हटले तर चालेल, पण पोकळी भरायला नाही. आणि प्रश्नाच्या पोटात प्रवचन दडवायचे नाही. या शेवटच्या नियमात दोन्ही तरुण पाळक वारंवार अडकले. त्यांचे प्रश्न दीड मिनिटाचे असत, त्यात दोन वचने येत, आणि पाहुण्यासाठी उरे फक्त ‘होय’. त्यांच्यापैकी एकजण वैतागून म्हणाला की मग मुलाखतीत सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) कोण सांगणार? त्यावर चांगली तासभर चर्चा झाली आणि ती मिटली नाही. मला स्वतःला वाटते की ती मिटू नये.

सरांनी याच प्रश्नाला कीर्तनाच्या अंगाने हात घातला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. ऐकणारा निरूपण सोसतो ते आख्यान येणार आहे या भरवशावर. “तुमच्या कार्यक्रमांत निरूपणावर निरूपण असतं. आख्यान कुठे आहे?” हा त्यांचा प्रश्न बोचरा होता, पण योग्य होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने केली, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत केले, ही माहिती आमच्यापैकी बहुतेकांना होती; पण टाळ आणि छापखाना ही दोन्ही त्या काळची माध्यमे होती आणि त्यांनी दोन्ही हातांत घेतली होती, असा विचार कोणी केला नव्हता. तो विचार आम्हाला एका वारकऱ्याकडून मिळाला.

सरांविषयी एक तक्रार मात्र नोंदवतेच. आमच्यातील ईस्ट इंडियन ताईंची मराठी ठसकेबाज, ठाण्याच्या जुन्या वस्तीतली, मासळीबाजाराचा आणि लग्नगीतांचा सूर असलेली. त्यांनी आपल्या आजीच्या स्वयंपाकघराविषयी दोन मिनिटे बोलून दाखवले तेव्हा सगळा वर्ग त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. सरांनी त्यांचे बोलणे थांबवून प्रमाण उच्चार घोटून घेतले. ‘ळ’, ‘ण’, अनुस्वार, सगळे. पुढच्या आठवड्यात ताई अचूक बोलल्या आणि त्यांच्यातला जीव गेला. आकाशवाणीच्या बातम्यांसाठी ती शिस्त हवी हे मान्य. परंतु मुलाखतीच्या कार्यक्रमात यजमानाची बोली हे भांडवल असते. वसईच्या तरुणाने सामवेदी बोलीत, म्हणजे कादोडीत, एक भाग करायची परवानगी मागितली तीही मिळाली नाही. कीर्तनाचे उदाहरण देणाऱ्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हते.

सहावा शनिवार इतिहासाचा आणि पैशांचा होता, आणि तो अर्धा चांगला होता. अमेरिकेत बिशप फुल्टन शीन यांनी १९५२ पासून ड्यूमाँट वाहिनीवर फळा आणि खडू एवढ्या सामग्रीवर, हातात कागद न घेता, दर आठवड्याला अर्धा तास गाजवला आणि एमी पारितोषिकही मिळवले, हे सांगितले गेले. पण खरा धडा होता तो ‘द ७०० क्लब’चा. व्हर्जिनिया राज्यातील एका छोट्या ख्रिस्ती वाहिनीने १९६३ मध्ये आपला मासिक खर्च भागवण्यासाठी ७०० प्रेक्षकांकडे प्रत्येकी दरमहा १० डॉलर मागितले. म्हणजे महिना ७,००० डॉलर. त्या आवाहनातून नाव आले, आणि १९६६ पासून त्याच नावाचा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो कार्यक्रम अमेरिकेच्या राजकारणात कसा शिरला, यावर मॅडम फक्त एक वाक्य बोलल्या. त्यावर जास्त बोलायला हवे होते, कारण यजमानाच्या खुर्चीवरून मते मागण्याचा मोह आपल्याकडेही दूर नाही.

हा हिशेब आपल्याकडे लावून पाहिला. याच स्टुडिओचे भाडे तासाला १,५०० रुपये आहे. दोन तासांचे मुद्रण, संकलनाचे २,५००, पाहुण्यांचा प्रवास आणि चहापाणी ५०० असे धरले, तर एका भागाला ६,००० रुपये पडतात. महिन्याला दोन भाग केले तर १२,०००. म्हणजे दरमहा १०० रुपये देणारी १२० माणसे हवीत. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी येथील मराठी मंडळ्यांमधून १२० घरे सापडणे अशक्य नाही. पण लक्षात घ्यावे की या हिशेबात यजमानाचे मानधन शून्य आहे. पत्रकावरचा ‘कारकीर्द’ हा शब्द इथे अडखळतो. यूट्यूबच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन लागते, हे सांगितले गेले. ती अट पूर्ण केल्यानंतर मराठी ख्रिस्ती कार्यक्रमाच्या हाती किती येते, याचे एकही खरे उदाहरण दाखवले गेले नाही. मी विचारल्यावर “प्रभू पुरवतो” असे उत्तर आले. प्रभू पुरवतो यावर माझा विश्वास आहे, परंतु १६,५०० रुपये शुल्क भरलेल्या माणसाला त्या उत्तरासोबत एखादा ताळेबंदही मिळायला हवा होता.

खरे उत्तर वर्गाबाहेर, जिन्यात, त्या अबोल मुलाकडून मिळाले. त्याच्या मते या क्षेत्रात नियमित पैसा मुलाखतीत नाही, तर भोवतालच्या कामांत आहे : परदेशी शिकवणींचे मराठी भाषांतर आणि डबिंग, मंडळ्यांच्या थेट प्रक्षेपणाचे ध्वनिनियोजन, लग्न आणि अधिवेशनांचे सूत्रसंचालन, शैक्षणिक ध्वनिफितींचे वाचन. यांपैकी दोन कामे धरून ठेवली की महिन्यातून दोन मुलाखती स्वतःच्या समाधानासाठी करता येतात. तो स्वतः तेच करतो. आठही शनिवारांत हे वाक्य फळ्यावर कुठेच आले नाही. ऐरोलीच्या अभियंता मुलीने त्याच आठवड्यात नोकरी सोडण्याचा विचार पुढे ढकलला, आणि ते बरे झाले.

कायद्याचा भाग पाऊण तासात गुंडाळला, ही माझी सर्वांत मोठी नाराजी. जे सांगितले ते अचूक होते. परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार दृक्-श्राव्य बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना परकीय देणगी घेता येत नाही. म्हणजे गप्पांचा कार्यक्रम चालू घडामोडींकडे वळला की अमेरिकेतील मंडळीने प्रेमाने पाठवलेले डॉलर अडचणीचे ठरू शकतात. भारतीय पारपत्र असलेल्या, परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेद्वारे पाठवलेली रक्कम मात्र त्या अर्थाने परकीय नसते. टिळकांची गीते प्रताधिकारातून केव्हाच मोकळी झाली आहेत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. परंतु नव्या चालीवर आणि कोणी केलेल्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असतात, त्यामुळे बाजारातील ध्वनिफीत पार्श्वभूमीला लावता येत नाही. हे सगळे उपयोगाचे.

पण आरोग्यलाभाच्या साक्षींवर केवळ दहा मिनिटे मिळाली. ख्रिस्ती गप्पांच्या कार्यक्रमात ‘मी बरा झालो’ असे सांगणारा पाहुणा येणारच. अशा वेळी यजमानाने काय करावे? १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्याहून जवळचा प्रश्न म्हणजे घरी बसून ऐकणारी, इन्सुलिन घेणारी एखादी आजी आहे. मॅडमनी सांगितलेला नियम चांगला होता : साक्ष ऐकून घ्यावी, पण उपचार चालू होते का, कागदपत्रे काय म्हणतात, हे त्याच मुलाखतीत विचारावे आणि औषधे थांबवा असे सुचवणारे वाक्य संकलनात ठेवू नये. या एका विषयाला पूर्ण शनिवार द्यायला हवा. त्याऐवजी सातवा शनिवार थंबनेल, म्हणजे व्हिडिओचे मुखचित्र, कसे रंगवावे आणि चेहऱ्यावर आश्चर्य कसे आणावे यात गेला. मी त्या दिवशी लवकर निघाले.

बाहेर जाऊन करायच्या कामाचा उल्लेख करायला हवा. मासुंदा तलावाच्या काठी, पोर्तुगीज काळापासूनच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरात, दोन मिनिटांचे कॅमेऱ्यासमोरचे निवेदन करायचे होते. वसईच्या तरुणाने १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंची गोष्ट घेतली. त्याने ना आवाज चढवला, ना कोणावर बोट रोखले. ते कुठून आले, समुद्रमार्गे जाताना ठाण्याला कसे पोहोचले, एवढे सांगून तो तलावाकडे वळला आणि थांबला. मागे भेळवाल्याची घंटा आणि रिक्षांचे हॉर्न. प्रमाणभाषेचा आग्रह धरणाऱ्या सरांनीही ते निवेदन दुसऱ्यांदा घ्यायला लावले नाही.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाची वीस मिनिटांची मुलाखत तीन कॅमेऱ्यांवर चित्रित होते, आणि तिची संकलित प्रत शुल्कातच मिळते. माझी प्रत तीन आठवड्यांऐवजी सात आठवड्यांनी मिळाली, दोनदा फोन केल्यावर. चित्र स्वच्छ आहे, आवाजाची पातळी यूट्यूबच्या मापाला, म्हणजे उणे १४ एलयूएफएसला, नीट बसवलेली आहे. मूळ असंकलित फिती मागितल्या तर त्यासाठी १,००० रुपये वेगळे पडतात. ही गोष्ट पत्रकात नाही, तेव्हा प्रवेश घेतानाच बोलून घ्यावी.

कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल अशा सगळ्या परंपरांची माणसे एका खोलीत होती आणि वादाचे प्रसंग येऊनही कोणाला परके वाटले नाही, हे श्रेय चालवणाऱ्यांचे. सुरुवातीची प्रार्थना रोज वेगळ्या परंपरेतला विद्यार्थी करत असे. पूर्णवेळ पत्रकारिता किंवा माध्यमशास्त्र शिकायचे असेल, तर हा वर्ग त्यासाठी नाही. जेझुइटांनी स्थापन केलेली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स मुंबईत १९६९ पासून आहे, तिकडे चौकशी करावी. नोकरीच्या आशेनेही येथे येऊ नये. मंडळीत बोलायची सवय असलेल्या आणि त्या सवयीतून बाहेर पडायची तयारी असलेल्या माणसाने मात्र जरूर यावे, शक्यतो हिवाळ्यातील वर्गाला, म्हणजे पत्रा वाजणार नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. रखवालदारांना त्या दिवसाचे मानधन दिले की नाही, हे मी विचारले होते. दिले होते, आणि पुढच्या वर्गासाठीही त्यांना सांगून ठेवले आहे.